वीस म्हणेस्तोवर

सासूचा हात छातीवर आडवा आला तेव्हा मेघाचा एक पाय उंबऱ्याच्या आत पडायचाच काय तो बाकी होता. मारल्यासारखा नव्हता तो हात. मुकुंदवाडीच्या रेल्वे फाटकाचा दांडा खाली येतो तसा आला आणि तिथंच राहिला. समोरचा कितीही घाईत असो, दांड्याला त्याचं काही नसतं. "आत जायचं नाय," रत्नमालाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. पाठीमागं हॉलमध्ये चुलतनणंद रूपालीच्या पोराच्या पहिल्या वाढदिवसाची गाणी अशी दणाणत होती की फरशीतून तळव्यांपर्यंत यायची, तरी हे तीन शब्द मेघाला कुणी कानात आणून ठेवावेत तसे ऐकू आले. समोर रंगमंचामागची ती चिंचोळी खोली होती, लग्नाच्या दिवशी नवरीला सजवतात ती. आरसा, दोन खुर्च्या, तीच ती हवा फिरवत बसलेला एसी, आणि त्याच्याखाली पत्रा ठोकून कायमची बंद केलेली खिडकी. जमिनीवर गादी. गादीवर दहा महिन्यांची प्रेरणा, औरंगपुऱ्यातनं आणलेल्या पिवळ्या फ्रॉकमध्ये, तोंड भिंतीकडे करून. आणि तिच्यापासून हातभर अंतरावर थर्माकोलचे दोन पांढरे खोके, एकाचं झाकण तिरकं बसलेलं.

तासाभरापूर्वी मेघानंच तिला इथं निजवलं होतं. गोंगाट नाही, डास नाहीत, दार ओढून घेतलं की निवांत. जालना रोडला लागून असलेल्या त्या तळघरातल्या हॉलमध्ये, दीडशे माणसांत, लेकराला झोपायला एवढी बरी जागा हुडकून काढली म्हणून ती स्वतःवर खूषच झाली होती. खोके तिनं पाहिले होते. वर स्केचपेननं 'आइस' लिहिलेलं तिनं वाचलंही होतं, आणि आइस्क्रीमचे असतील असं मनाशी म्हणून, खोलीला अजून गारवा, असा हिशेब करून ती बाहेर पडली होती. बाहेर वाढदिवसाच्या बाळाला ढगांतून आणायचं ठरलं होतं. स्टेजच्या दोन्ही अंगांनी पांढरा धूर उतरला, पायऱ्यांवरून सांडला, सतरंजीवर पहिल्या ओळीत बसलेल्या पोरांच्या कमरेपर्यंत आला. पोरं त्यात हात बुडवून खिदळायला लागली. सगळे मोबाइल वर धरून उभे. तेवढ्यात रत्नमालाबाई उठल्या आणि धूर सोडणाऱ्या माणसापाशी गेल्या. कशाचा धूर हाय ह्यो? तो म्हणाला, ड्राय आइस मावशी, एकदम सेफ. आणलेला समदा कुठं ठेवलाय? त्यानं मागच्या खोलीकडं हनुवटी केली. मग त्या गर्दीतून मेघाकडं आल्या आणि म्हणाल्या, "पेरू कुठंय?" नातीला त्या पेरूच म्हणत. मेघानं त्याच खोलीकडं बोट केलं, आणि सासूच्या चेहऱ्यावर जे झालं ते बघून पळत सुटली. पण पन्नाशी ओलांडलेली, गुडघे धरणारी ती बाई तिच्या आधी दाराशी पोचली होती.

"सोडा मला. माझं लेकरू—"

"माझी बी नात हाय. हिकडं बघ. त्या खोक्यातनं तासभर नुसती वाफ सुटलीय ह्या बंद खोलीत. ती खाली बसती. तू पळत जाशील, खाली वाकशील, धापा टाकत चार श्वास घेशील अन् तिच्या अंगावर पडशील. मग मी कुणाला वढू? दोघीला?" बोलता बोलता त्यांनी मेघाच्या गळ्यातली ओढणी काढून घेतली, एक टोक आपल्या डाव्या मनगटाला बांधलं, मेघानं कधी न पाहिलेली, एका झटक्यात पक्की होणारी गाठ मारून, आणि दुसरं टोक मेघाच्या मुठीत कोंबलं. खुर्ची सरकवून दार मिटणार नाही असं अडकवलं. मग डोळ्यांवरचा चष्मा काढून मेघाच्या दुसऱ्या हातात दिला. "हे धर. भाईर आले की मागून घेईन. वीस म्हणेस्तोवर मी भाईर. नाय आले तर वढ. मी पडले, पोरगी रडली, आभाळ कोसळलं, तरी आत पाय टाकायचा नाय. हां म्हण."

"आई—"

"आधी हां म्हण."

"हां."

रत्नमालाबाईंनी हॉलकडं तोंड करून तीन लांब श्वास घेतले. तिसरा सोडला नाही. गाल फुगलेले, ओठ मिटलेले, अशा त्या वळल्या आणि आत गेल्या.

एक. दाराशीच मेघाच्या नाकाला काहीतरी चावलं, सोड्याची बाटली उघडताना चावतं तसं, आंबूस आणि थंड, आणि त्या चावण्यासरशी तिला कॉलेजातली प्रयोगशाळा दिसली. ती स्वतः शिकवायची हे. बारावी सायन्सच्या पोरांपुढं काचेच्या मोठ्या भांड्यात पायरी ठेवायची, पायरीवर उंचीनं तीन मेणबत्त्या लावायच्या, चुनखडीच्या तुकड्यांवर आम्ल ओतून निघालेला वायू नळीनं भांड्याच्या तळाशी सोडायचा. दिसत काहीच नाही. बघा, म्हणायची ती, सर्वांत खालची आधी विझते. कार्बन डायॉक्साइड हवेपेक्षा जड. मग मधली. मग वरची. पोरं टाळ्या वाजवायची. दरवर्षी, सहा वर्षं, चार तुकड्यांना, म्हणजे चोवीस वेळा तिनं ती तळातली मेणबत्ती विझवून दाखवली होती, आणि आज आपल्या हातानं पिवळा फ्रॉक घातलेली एक ज्योत जमिनीवर ठेवून, दार ओढून घेऊन, बाहेर जाऊन पावभाजी खाल्ली होती. एमएस्सी, पहिला वर्ग. आणि आतमध्ये गाल फुगवून चाललेली ती बाई सातवी नापास.

तीन. चार. ओढणी सैलावत आत जात होती. मोजायचं, मेघानं स्वतःला बजावलं, नुसतं मोजायचं. मोजण्याचं काय, ती दहा महिने मोजतच होती. प्रेरणा झोपली की दर थोड्या वेळानं हाताची पालथी बाजू तिच्या नाकाशी धरायची, ऊब लागेपर्यंत आपला श्वास रोखायचा. भूषण हसायचा. बुद्धभूषण हे पूर्ण नाव तिनं लग्नाच्या पत्रिकेतच काय ते वाचलं. दोघंच असताना भूषण आणि चारचौघांत अहो. तो म्हणायचा, तू श्वास तपासतीस की हजेरी घेतीस? रत्नमालाबाई हसत नव्हत्या आणि काही म्हणतही नव्हत्या, आणि तेच मेघाला खुपायचं. लेकरू रडलं की आज्यांनी कसं, हातातलं टाकून धावावं. ही बाई धावत नसे. दारात थांबायची. आधी वर बघायची, मग खाली, मग कोपरे, जणू खोली विकत घ्यायला आलीय, आणि मग पाय आत टाकायची. स्वयंपाकघरात शिरतानाही तेच. आधी खिडकी उघडायची, मग गॅसला हात. गेल्या महिन्यात प्रेरणा कॉटवरून पडली तेव्हा मेघा न्हाणीत होती. ओल्या केसांनी धावत आली तर सासू उंबऱ्यावर उभी, क्षणभरच, पण उभी, बघत. मेघाच्या मनात तेव्हा जे येऊन बसलं ते उठलंच नाही. सोमवारी तिला कॉलेजात रुजू व्हायचं होतं, रजा संपली होती, आणि सोमवारपासून सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच प्रेरणा ह्या बाईच्या हाती राहणार की नाही, यावर गेले पंधरा दिवस तिनं भूषणचं डोकं खाल्लं होतं. पाळणाघर बघू, म्हणत होती. नाहीतर नोकरीच सोडते. भूषण म्हणाला, का पण? तिला का ते सांगता आलं नाही. सांगण्यासारखं होतं, पण ते त्याच्या आईबद्दल होतं.

ते कडूबाईंनी सांगितलं होतं. कडूबाई म्हणजे रत्नमालाबाईंची सख्खी आई, पैठणकडच्या खेड्यात असते, ऐंशीच्या पुढची. प्रेरणाच्या नामकरणाला ती आली, बुद्धवंदना झाली, खीर झाली, आणि पाळण्याशी मेघा एकटी सापडताच तिनं मेघाचं मनगट धरलं. बोटं पळसाच्या सालीसारखी. "सूनबाई, तुला सांगते. माझ्या ल्योकाला हिनं मारलं. परक्याचा दोर वढला अन् पाठचा भाऊ टाकला. हिच्या भरवशावर लेकरू ठिवू नगंस. ती उभी ऱ्हाऊन बघती." आणि मग घरभर ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाली, लई गोड हाय हो पोरगी, आज्यावर गेलीय.

सहा. सात. सासूची पाठ. निळ्या साडीवर घामाचा डाग. तिसरं पाऊल.

दुसरी बाजू मेघाला ठाऊक होती. सांडूनं सांगितलेली. फेब्रुवारीत दरवर्षी एका ठरावीक तारखेला सांडू नावाचा एक माणूस जालन्याकडून मोसंबीची पिशवी घेऊन यायचा, ओसरीवर बसायचा, पाणी प्यायचा, जायचा. रत्नमालाबाई त्याच्याशी पावसापाण्याचं बोलत आणि मोसंबी सगळ्या गल्लीत वाटून टाकत. स्वतः एक फोड खात नसत. यंदा तो आला तेव्हा त्या दळण आणायला गेल्या होत्या आणि मेघा मांडीवर लेकरू घेऊन बसली होती. सांडूनं लेकराकडं बघून नमस्कार केल्यासारखं काहीतरी केलं आणि आपणहून बोलायला लागला. अकरा वर्षांपूर्वी तो, रत्नमालाबाई, सगळे एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कंपनीत कंत्राटावर होते. मोठाल्या टाक्या धुवायच्या. टाकीला वर माणूस जाईल एवढं भोक असतं, त्याला तोंड म्हणत. आणि रत्नमाला तोंडावरची बाई. तिचं काम एकच, तोंडाशी बसायचं. आत उतरणारा आपला पत्र्याचा बिल्ला तिच्या हाती देणार, ती तो फळीवरच्या खिळ्याला अडकवणार, वर आला की तो मागून घेणार. फळीवर बिल्ला दिसतोय तोवर माणूस आत. तोवर तिनं हलायचं नाही, लघवीलासुद्धा नाही. आणि काहीही झालं तरी आत उतरायचं नाही. "लोक हसायचे, सूनबाई. आमी म्हनायचो, रत्नाक्का बसायचा पगार घेती. ती म्हनायची, तुमी वर येत ऱ्हावा, मी बसून खाते."

त्या दिवशी नायट्रोजनची नळी बंद करायची राहिली होती. नायट्रोजन, म्हणजे आपण जो श्वास घेतो त्यातले पाचातले चार घोट त्याचेच. विष नाही, वास नाही, रंग नाही. फक्त पाचवा घोट नसला की संपलं. "गुदमरलो बी नाय मी. खोकलो बी नाय. दोन श्वास घेतले अन् तिसऱ्याला मी नव्हतोच." सांडूच्या कमरेला पट्टा होता, पट्ट्याला दोर, दोर वर तीन पायांच्या तिकाटण्यावरच्या चरख्याला. मोतीराम, रत्नमालाबाईंचा पाठचा भाऊ, एकतीस वर्षांचा, शेजारच्या टाकीवर होता. सांडूला आडवा बघून तो बोंबलत आला आणि सरळ तोंडात उतरला. बिल्ला दिला नाही, दोर बांधला नाही. आपल्या माणसाला काढायला जाणारा माणूस दोर बांधायला थांबत नाही. रत्नमालाबाईंनी त्याचा शर्ट धरला. कॉलर फाटली, एक गुंडी त्यांच्या हातात राहिली आणि मोतीराम खाली गेला. मग शिट्टी वाजवली. मग चरखा फिरवला. खाली दोन माणसं पडलेली, एकाला दोर आहे, एकाला नाही. ज्याला नाही तो आपला. त्यांनी ज्याला आहे त्याला ओढला. तोवर चारजण धावत आले, त्यांनाही उतरायचं होतं, मोतीरामचेच जिगरी, आणि ही बाई तोंडापुढं हात पसरून उभी राहिली. एकाला चावली. हवेच्या पंख्याची नळी आत सोडा म्हणून ओरडत राहिली. पाठीवर सिलेंडर बांधलेली माणसं आली तोवर अकरा मिनिटं झाली होती. "चार, सूनबाई. मी नाव घिऊन मोजतो. चारी आज बायकापोरांत हायत. मी पाचवा. अन् तिची आई तिच्या हातचं पानी पीत नाय."

मेघानं ते ऐकलं होतं, गलबललीही होती. पण सांडू गेल्यावर मनानं पुन्हा आपलंच खरं केलं. कारण सांडू जिवंत होता. त्याला तो दोर चांगलाच वाटणार. आणि खरं म्हणजे मेघाला काहीतरी असं वाटत होतं की खरी माया असती तर पाय थांबलेच नसते. नियम आठवतो त्याअर्थी काळीज तेवढं तुटलेलं नसणार. आपण असतो तर? आपण असतो तर गेलो असतो, असं तिनं त्या दिवशी मांडीवरच्या लेकराच्या टाळूवर ओठ टेकवून, अगदी अभिमानानं, स्वतःला सांगितलं होतं.

दहा. अकरा. सासू वाकली. चेहरा वर, मान ताठ, फक्त गुडघ्यांतून खाली, विहिरीत हात घालून कळशी काढावी तशी. पिवळा फ्रॉक तिच्या हातांत आला. प्रेरणाची मान मागं कलंडली आणि केस, घामानं चिकटलेले काळे केस, मेघाला दिसले. बारा. सासूनं लेकराला छातीशी नाही धरलं; आधी वर उचललं, डोक्याच्याही वर, दोन्ही हातांनी, जितकं उंच जाईल तितकं. तिसरी मेणबत्ती, मेघाच्या डोक्यात कुणीतरी म्हणालं. वरची शेवटी विझते.

तेरा. आणि वळताना त्या पडल्या. पडल्या म्हणजे एक गुडघा टेकला, धप्प असा आवाज झाला असणार, गाण्यात ऐकू आला नाही. हात अजून वर, हातात लेकरू, आणि चेहरा मेघाच्या दिशेनं, पण डोळे मेघाकडं नव्हते. चष्म्याशिवाय ते डोळे कुणाचेच नव्हते. चौदा. तेव्हा मेघाचा पाय उचलला. तिनं उचलला नाही, उचलला गेला. उंबऱ्यावरून पलीकडं गेला, अधांतरी, चप्पल अर्धी निघालेली, आणि सबंध अंगानं त्याच्यामागं झोकून दिलं, पोट, स्तन, दुधानं भरून आलेले, घसा, सगळं आत आत आत चाललं. दोन पावलं, फक्त दोन पावलं, हात लांब केला तर फ्रॉकची झालर. कुठली शक्ती असते माणसाला अशा वेळी मागं धरणारी? काही नसते. पाण्याला उतार दिसला की पाणी थांबतं का? आणि ह्या बाईनं अकरा वर्षांपूर्वी आपलं सगळं पाणी, भावाच्या पाळण्याला तिनं दिलेल्या झोक्यांसकट, त्याच्या फाटक्या कॉलरसकट, एका भोकाच्या काठावर उभं धरलं होतं. हातात गुंडी घेऊन, दुसऱ्या हातानं चरखा फिरवत. अकरा मिनिटं. मेघाला वीस सेकंद जमेनात. दगड आहे ही बाई, असं ती म्हणाली होती भूषणला, एकदा रागात. दगड नव्हे. धरण म्हणतात त्याला. भरलेलं.

पाय हवेतून मागं आला. कुठं टेकला ते तिला कळलं नाही. "हां" म्हटलं होतं ना, एवढंच काहीतरी डोक्यात वाजत होतं, आणि तिनं ओढणी दोन्ही हातांत घेऊन, टाच उंबऱ्याला लावून, अंगाचं सगळं वजन पाठीमागं टाकून ओढली. पंधरा. सोळा. मनगट आलं. मनगटामागून दंड, दंडामागून निळी साडी, टेकलेला गुडघा उठला, एक पाऊल, आणि सतराला ती बाई उंबऱ्यावरून अशी बाहेर आली की मेघा, ती आणि लेकरू तिघी रंगमंचाच्या मागच्या पडद्यात गुंतल्या. रत्नमालाबाईंनी तोंड उघडून जो श्वास आत घेतला त्याचा आवाज गाण्याच्याही वर आला.

पण त्या थांबल्या नाहीत, आणि लेकरू मेघाच्या हातातही दिलं नाही. "वर. वर चल. हिथं नाय." चौदा पायऱ्या. मेघा मागून, अनवाणी, ओढणीचं टोक अजून मुठीत, जणू आता त्याच तिला ओढून नेत होत्या. वर जालना रोडची दुपार, ट्रक, हॉर्न, डिझेलचा धूर, उन्हात तापलेली धूळ. आणि त्या घाणेरड्या, चारी बाजूंनी वाहणाऱ्या हवेत रत्नमालाबाईंनी प्रेरणाला रस्त्याकडं तोंड करून धरलं, पाठीवर थाप मारली, तळपायांवर टिचक्या मारल्या. लेकराची छाती भराभर वरखाली होत होती, कुत्र्याच्या पिल्लाची होते तशी. ओठ कसेतरीच. डोळे उघडले, मिटले. आणि मग तोंड वेडंवाकडं झालं, लाल झालं, आणि प्रेरणा रडली. असं रडली की पानटपरीवरचा माणूस उभा राहिला.

"रड, रड माझे पेरू," सासू म्हणाली. "लई ग्वाड रडती गं. अजून रड." मग लेकरू मेघाच्या हातात दिलं, गाठ सोडली आणि हात पुढं केला. "चष्मा."

मेघाच्या डाव्या मुठीत तो होता. एक काडी वाकली होती. रत्नमालाबाईंनी तो वाकड्या काडीसकट डोळ्यांवर चढवला, आता आपण खरोखर बाहेर आलो असं मानून, आणि पुन्हा पायऱ्या उतरायला लागल्या.

"आई, आता कुठं?"

"समदी पोरं जिमिनीवर बसलीत खाली. तू हिथून हलू नगं. वर येतील ती मोजीत ऱ्हा."

पुढचं मेघानं वरूनच ऐकलं. गाणं मध्येच तुटलं. धूरवाला म्हणत होता, अहो मावशी, आम्ही रोज चार फंक्शन करतो. सासू म्हणत होती, मग आज तीनच झाली समज. ते टब उचल अन् दारं उघड. रूपाली रडवेली होऊन, "काकू, तुम्ही माझ्या पोराची एंट्री घालवली! आठ दिवस डोकं लावलं होतं हो!" आणि काकू म्हणाल्या, "भाईरनं आण की त्याला, रस्त्यावरनं. समदी सिडको बघंल." कुणीतरी हसलं. मग पोरं वर यायला लागली, फुगे घेतलेली, केक लागलेली, एकाला जांभया येत होत्या, एक म्हणत होता डोकं दुखतंय. बावीस. तेवीस. भूषण हातात कोल्ड्रिंकचा ग्लास घेऊन आला, मेघाकडं बघितलं आणि ग्लास सोडून दिला. सर्वांत शेवटी रत्नमालाबाई आल्या. वरच्या पायरीवर थांबून विचारलं, "किती?"

"एकतीस. रूपालीचं बाळ धरून."

"खालच्या बाया बत्तीस म्हनत्यात."

सासूनं पायरीवरूनच एकेकाकडं बोट केलं, ओठ हलवत. मग मेघाच्या कडेवर येऊन बोट थांबलं. "आपली धरलीस का?" नव्हती धरली. मेघा हसायला गेली आणि तिथंच, दुभाजकाच्या कण्हेरीकडं बघत, तिला रडू कोसळलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावून बघितलं, छाती ऐकली, दोन तास ठेवून घेतलं, ठीक आहे म्हणाले. अजून पंधरा मिनिटं गेली असती तर, म्हणाले आणि वाक्य अर्धं सोडलं. रिक्षात भूषण पुढं ड्रायव्हरशेजारी टेकला. मागं दोघी, मध्ये झोपलेली प्रेरणा. मेघानं लेकराचा फ्रॉक गुडघ्यांवर ओढला. मग म्हणाली, "आई, तुम्ही पडलात ना आत?"

"गादी पायात आली."

खरं होतं की नव्हतं, ते मेघाला कधीच कळणार नव्हतं. "आई, तेव्हा… मोतीराममामांच्या वेळी नाही उतरलात. आज कशा गेलात?"

सिडकोचा पूल गेला, पेट्रोलपंप गेला. "तवा तोंडावर मी एकलीच व्हते," रत्नमालाबाई म्हणाल्या. "मी उतरले असते तर तोंडावर कोन ऱ्हातं? आज तू व्हतीस." आणि मग, बाहेर बघत, "तू पाय मागं घेतलास. मला दिसलं नाय, चष्मा नव्हता. पण वढ लागली तवा कळलं. आत आलेल्या मानसाची वढ तशी लागत नाय."

सोमवारी मेघा निघाली तेव्हा नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. खिडक्या उघड्या होत्या, भाताचा वास घरभर, गल्लीत कुणाचा तरी कुकर. डबा, छत्री, प्रयोगवहीचं बाड. उंबऱ्यावर रत्नमालाबाई कडेवर पेरूला घेऊन उभ्या, वाकड्या काडीचा चष्मा तसाच. लेकरू त्यांच्या मण्यांशी खेळत होतं, आईकडं लक्षही नव्हतं. मेघाचा हात आपोआप उठला, पालथा, त्या इवल्या नाकाकडं निघाला. अर्ध्यावर थांबला. तिथून तो तिच्या स्वतःच्या केसांकडं गेला आणि अंबाड्यातला तपकिरी चाप काढून सासूपुढं आला.

"हे धरा आई. आले की मागून घेईन."

रत्नमालाबाईंनी चापाकडं बघितलं, मग तिच्याकडं. हसल्या नाहीत. दाराशेजारी खिळा होता, किल्ल्या अडकवायचा. त्यावरच्या किल्ल्या त्यांनी काढून कनवटीला लावल्या आणि रिकाम्या खिळ्याला तो चाप अडकवला. "कधी येनार?"

"साडेपाच."

"बरं," त्या म्हणाल्या आणि दारातच, जिथं होत्या तिथं, पाट ओढून बसल्या.

मेघा तीन पायऱ्या उतरली, गल्लीच्या तोंडाशी रिक्षा मिळाली. केस मानेवर सुटले होते. रिक्षा जालना रोडला लागली तसे ते वाऱ्यानं तोंडावर, नाकावर, ओठांवर येत राहिले, आणि तिनं ते बाजूला केले नाहीत.